मातीतल्या कार्बनचा सौदा : आधी वजन, मग पावती

कापसाच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक नवा माल विक्रीला आला आहे. हा माल गाडीत भरता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही आणि काट्यावर चढवता येत नाही. त्याचे नाव कार्बन क्रेडिट. शेतकऱ्याने अमुक पद्धतीने शेती केली, त्यामुळे हवेतला कार्बन जमिनीत मुरला किंवा हवेत जाणारा तापमान वाढवणारा वायू थांबला, असे एखाद्या कंपनीने कागदोपत्री दाखवून मान्यता मिळवली की एक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट तयार होते. मग दूरच्या देशातले कारखानदार, विमान कंपन्या, कपड्यांचे ब्रँड ते विकत घेतात आणि आपल्या धुराच्या हिशेबात वजा टाकतात. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. तेव्हा हा व्यापार येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही.

आमचे काही बांधव विचारतात की, आपण कापडाची माणसे, शेतकऱ्याच्या मातीशी आपला काय संबंध? संबंध सरळ आहे. कापड सुताचे, सूत रुईचे आणि रुई मातीची. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरवर कापूस असतो, म्हणजे देशातल्या कापसाच्या क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा. जिनिंगपासून मागापर्यंत, रंगाऱ्यापासून शिलाईपर्यंत आमच्या समाजाची हजारो घरे याच धाग्यावर उभी आहेत. शिवाय, गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या सह्या गोळा करणारे एजंट कंपन्यांना लागतात, आणि बाजारात ओळख असलेला, चार भाषा बोलणारा तरुण त्यासाठी सोयीचा पडतो. उद्या तो तरुण आमच्याच घरातला असेल. म्हणून या मालाची पारख आम्ही करून घेतलेली बरी.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. शेतीची पद्धत खरी आहे, पावतीचा धंदा अजून कच्चा आहे. ज्याला या पद्धतीचे मोल द्यायचे आहे त्याने ते कापसाच्या भावात द्यावे.

पद्धत खरी आहे असे म्हणताना आम्ही कोणत्याही परदेशी पुस्तकाच्या भरवशावर बोलत नाही. या विषयाचा एक मोठा धडा आपल्या शेजारी इंदूरलाच लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. कापूस हा त्या संस्थेचा मुख्य विषय. काळ्या जमिनीला खत पुरत नाही आणि पऱ्हाटी मात्र वाया जाते, हे पाहून त्यांनी शेतातला सगळा काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून खत करण्याची रीत बसवली. तीच पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. कापसाची आणि तुरीची काडी टणक, लवकर कुजत नाही. तर ती शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग गुरांखाली अंथरत. यंत्राचा खर्च शून्य!

व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट याच्या पुढे आहे. त्या संस्थेला पैसा देणाऱ्यांत इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी होती. कमिटीचा पैसा १९२३ च्या कॉटन सेस कायद्याने येत असे. गिरणीत वापरल्या जाणाऱ्या आणि निर्यात होणाऱ्या कापसावर तो उपकर बसे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या व्यापाराने मातीचे देणे गाठीच्या हिशेबात दिले होते. त्याला कार्बन क्रेडिट असे नाव नव्हते इतकेच.

आता पऱ्हाटीकडे पाहू. एका हेक्टरात साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला, आणि बरीचशी बांधावर ढीग करून पेटवली जाते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यामागे कारण आहे. गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्राच्या कापसाचे काय केले ते जिनिंगवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, हा सल्ला तेव्हापासून अधिकच जोराने दिला जातो आणि तो बरोबर आहे. पण शेतातून काढणे म्हणजे जाळणे नव्हे. श्रेडरने बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात घातली तर खड्ड्याच्या उष्णतेत अळी मरते. बंद भट्टीत, हवा कमी ठेवून भाजली तर कोळशासारखी भुकटी होते. तिला बायोचार म्हणतात. काडीतल्या कार्बनचा मोठा वाटा त्या भुकटीत अडकून राहतो आणि ती जमिनीत फार सावकाश विरते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण क्रेडिट विकणारे ती सांगत नाहीत. पऱ्हाटी जाळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो रोपट्याने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे तेवढ्यापुरता हिशेब बरोबरीचा होतो. खरे नुकसान काजळीचे, धुराबरोबर निघणाऱ्या मिथेन व नायट्रस ऑक्साइडचे, आणि जे मातीला मिळायला हवे होते ते न मिळण्याचे. साध्या कंपोस्टमधलाही बहुतेक कार्बन कुजता कुजता पुन्हा हवेत जातो, थोडाच मातीत टिकतो. म्हणून एक टन पऱ्हाटी खड्ड्यात घातली म्हणजे एक टन कार्बन पुरला, असे कोणी सांगितले तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर फार हुशार आहे.

सगळ्यात खात्रीची बचत मात्र युरियाच्या गोणीत आहे आणि तिची चर्चा कमी होते. युरियातला नत्र पिकाला पूर्ण लागत नाही. काही पाण्याबरोबर वाहून जातो, काही वाफ होऊन उडतो आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमान वाढवतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो. जगभर वापरला जाणारा सरसकट नियम असा की, टाकलेल्या नत्राचा शंभरावा भाग या वायूच्या रूपाने जातो. हिशेब केला तर एका गोणीमागे जवळजवळ ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतके नुकसान होते. युरियातून थेट निघणारा कार्बन वेगळा, कारखान्यात तो बनवताना जळलेला गॅस वेगळा. कपाशीत तूर, मूग, उडीद घेण्याची आपली जुनी चाल याच कामाची आहे. ही कडधान्ये हवेतला नत्र मुळाशी बांधतात आणि तुरीचा पाला झडून मातीत मिसळतो. जी गोणी शेतात पडलीच नाही तिचा वायू पुन्हा बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. वाचले ते वाचले. गोणी मोजता येते, तिची पावती दुकानात असते.

जमिनीत साठवलेल्या कार्बनचे तसे नाही. नांगर खोल चालवला, वखरावर वखर दिले की माती उघडी पडते, त्यातले सेंद्रिय द्रव्य हवेशी भिडते आणि जळून जाते. म्हणून नांगरट कमी करण्याच्या पद्धती निघाल्या. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यावरची बिननांगरणीची पद्धत बसवली. पीक कापायचे, मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर पुढचे पीक टोकायचे. ती पुढे इतर पिकांतही वापरली गेली. तिच्यात तणनाशकाचा वापर होतो म्हणून तिच्यावर टीकाही आहे, आणि ती टीका आम्हाला अगदीच निराधार वाटत नाही. तरीही डिझेल वाचते, मजुरी वाचते, गांडुळे परत येतात, आणि पावसाने ओढ दिली तर ओल जास्त दिवस टिकते. कोरडवाहू शेतकऱ्याला यातली शेवटची गोष्ट कोणत्याही क्रेडिटपेक्षा मोलाची आहे.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब मांडू. एक एकर शेताच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन साधारण आठ ते नऊ लाख किलो भरते. त्या मातीत सेंद्रिय कार्बन ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाला, म्हणजे एक दशांश टक्का वाढला, तर आठ-नऊशे किलो कार्बन वाढला. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. तेव्हा एकरी सुमारे तीन टन, अर्थात तीन क्रेडिट. उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या जमिनीत एवढी वाढ व्हायला काही वर्षे जातात, पाच धरू. क्रेडिटचा दर सारखा बदलतो. समजुतीपुरते ८०० रुपये धरले तर पाच वर्षांत २,४०० रुपये, म्हणजे वर्षाला एकरी ४८० रुपये. यातून माती तपासणी, पडताळणी, नोंदणी, कंपनीचा हिस्सा आणि एजंटचे कमिशन जायचे आहे. शेतकऱ्याच्या हातावर काय पडेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. बाजार समितीतली कट्टी यापुढे फिकी पडेल.

तरीही तीन टन खरोखर भरत असतील तर गोष्ट वेगळी. पण तोलायचे कसे? एकाच शेतात बांधाजवळची माती आणि मधली माती यांत एक दशांश टक्क्याहून जास्त फरक सहज निघतो. म्हणजे जेवढी वाढ विकायची, तेवढी चूक नमुना घेतानाच होऊ शकते. त्यातून आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, आणि चुनखडीतही कार्बन असतोच. तो सेंद्रिय कार्बनापासून वेगळा काढला नाही तर आकडा फुगतो. माती किती खोल घेतली, ती किती घट्ट होती, यावरही वजन बदलते. दुसरे असे की, माती काही अथांग विहीर नाही. पहिल्या वर्षांत कार्बन झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि एका पातळीवर थांबते. खत बंद केले, नांगर पुन्हा चालला, की तो निघून जातो. मग विमान कंपनीने विकत घेतलेल्या टनाचे काय? तिचा धूर तर आकाशात कायम आहे.

आमच्या दीनने तिजारतीचे जे नियम दिले त्यांची येथे आठवण होते. नापतोलात कमी करणाऱ्यांविषयी कुरआनात काय ताकीद आहे ती प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हकीम बिन हिजाम (र.) यांना दिली. परंतु इस्लामने व्यापाराची वाट अडवलेली नाही. मदीनेत लोक खजुरासाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देत असत. प्रेषितांनी (स.) तो व्यवहार बंद केला नाही. माप ठरलेले, वजन ठरलेले आणि मुदत ठरलेली असावी, एवढी अट घातली. फिकहमध्ये याला सलम म्हणतात, आणि आजही पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला भांडवल देण्याचा तो बिनव्याजी, साफ मार्ग आहे. मातीतला कार्बन आगाऊ विकताना यांतली कोणती अट पुरी होते? माप अंदाजाचे, वजन संगणकाच्या गणिताचे, मुदत पुढच्या पिढीपर्यंतची. मसला उलेमांनी पाहावा, आम्ही फतवा देणारे कोण? पण व्यापारी म्हणून आम्हाला या सौद्यात गरर, म्हणजे अनिश्चिततेचा धोका, उघड दिसतो.

आणि हा धोका कल्पनेतला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राची जागतिक संस्था गॉट्स हिने भारतातल्या सेंद्रिय कापसात खोट्या प्रमाणपत्रांचा मोठा घोटाळा उघड केला. सुमारे २०,००० टन कापसाचा तो मामला होता आणि अकरा कंपन्यांवर बंदी आली. तो कापूस निदान डोळ्यांना दिसत होता, हातात धरता येत होता. तरी साधा कापूस सेंद्रिय म्हणून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये क्रेडिट नोंदवणाऱ्या व्हेरा या संस्थेला चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प नाकारावे लागले. डोळ्यांना न दिसणाऱ्या मालात काय होऊ शकेल? सेंद्रिय कापसाच्या घोटाळ्यानंतर ज्यांचा माल खरा होता त्या व्यापाऱ्यांनाही खरेदीदारांच्या संशयाला तोंड द्यावे लागले. बदनामी पेठेची होते, एका दुकानाची नाही.

करारपत्रावर सही करण्याआधी शेतकऱ्याने, आणि सही घेणाऱ्या आमच्या तरुणानेही, काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. करार मराठीत आहे काय? किती वर्षांचा आहे, आणि मध्येच जमीन विकली किंवा भावांत वाटणी झाली तर बंधन कोणावर? हिस्सा विक्रीच्या रकमेवर की खर्च वजा जाता उरलेल्यावर? दुष्काळात किंवा अतिवृष्टीत कार्बन गेला तर भरपाई कोण करणार? सगळ्यात मोठा प्रश्न बटईदाराचा. क्रेडिटला सातबारा लागतो. ठोक्याने किंवा बटईने जमीन करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पऱ्हाटी तो गोळा करणार, खड्डा तो भरणार, शेण तो वाहणार आणि पैसा मालकाच्या खात्यात जाणार. आमच्या समाजातल्या अल्पभूधारक आणि भूमिहीन घरांचा प्रश्न नेमका येथे आहे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण असलेल्यांनी तरी हे कलम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेणाचाही विषय आला म्हणून सांगतो. कंपोस्टला शेण लागते आणि शेणाला गुरे लागतात. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातला गोवंश २०१२ पेक्षा कमी भरला. ट्रॅक्टर हे एक कारण आहेच. २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकता येईना, तेव्हा नवा बैल घेण्याची हिंमत किती शेतकऱ्यांनी करावी, हेही कोणीतरी मोजले पाहिजे. असो.

आता आमची सूचना. कोरडवाहू एकराला साधारण एक गाठ रुई निघते, १७० किलोची. तिचे सूत होताना घट वजा जाता दीडशेच्या आत किलो उरते. मीटरला १२० ग्रॅम भरणारे कापड धरले तर बाराशे मीटरच्या आसपास होते. वर क्रेडिटचे जे एकरी ४८० रुपये काढले, ते या कापडावर पसरले तर मीटरला चाळीस पैसे येतात. चाळीस पैसे! ना प्रयोगशाळा, ना परदेशी नोंदणी, ना वीस वर्षांचा करार. ज्याने पऱ्हाटी जाळली नाही, ज्याने कडधान्याचे आंतरपीक घेतले, ज्याने युरिया कमी केला, त्याच्या कापसाला जिनिंगच्या दारात तेवढा जास्त भाव. पऱ्हाटी जाळली की नाही हे गाव जाणते, दलालही जाणतो. त्यासाठी उपग्रहाची गरज नाही.

ग्रे कापडाच्या बाजारात चाळीस पैसे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पंचवीस पैशांवरून ऑर्डर दुसऱ्या गल्लीत जाते. एकट्या व्यापाऱ्याने हा भार घेतला तर तो बुडेल. म्हणूनच तो मागावर नव्हे, गाठीवर बसला पाहिजे, १९२३ च्या उपकरासारखा सगळ्यांवर सारखा. ज्या ब्रँडना आपल्या कपड्यावर हिरवे लेबल हवे आहे त्यांनी गाठीमागचे हे पैसे द्यावेत, अशी मागणी सूतगिरण्या, जिनिंगवाले आणि आमच्या व्यापारी संघटनांनी मिळून करावी. आमच्या कित्येक मागांवर आता पॉलिएस्टर मिसळलेले सूतच चालते. त्यांना हा हिशेब लागू नाही, आणि त्यांनी मातीच्या गोष्टी सांगून माल विकूही नये.

कारागिरांसाठी यात क्रेडिटपेक्षा जास्त काम आहे. श्रेडर तालुक्यात मोजकेच असतात आणि पऱ्हाटी सगळ्या गावांची एकाच महिन्यात निघते. पाती झिजतात, बेअरिंग जातात. ज्यांच्या हातात वेल्डिंग आहे, लोहारकाम आहे, त्यांनी दोघा-चौघांत मिळून एक यंत्र घ्यावे आणि भाड्याने फिरवावे. जुन्या पिंपाची बायोचार भट्टी आमचा कोणताही फॅब्रिकेटर दिवसभरात करू शकतो. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मुंबईला १९२४ पासूनची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. पऱ्हाटीपासून खत, बोर्ड, जळणाच्या कांड्या करण्यावर तेथे काम झालेले आहे. तेथे जाऊन पाहावे, विचारावे. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते आणि नंतर यंत्राला सवड मिळत नाही. पाती, पट्टे आणि भट्टीचे पिंप दिवाळीच्या आधीच तयार असलेले बरे.